आधी माटेगाव

२६ ऑक्टोबर, गुरुवार

अर्ज भरला. अपक्ष म्हणून. दहा प्रस्तावक लागतात. मी बारा नेले होते, कारण ऐन वेळी एकदोघं गळतील असा अंदाज होता. एक गळला.

व्यवसायाच्या रकान्यात 'विद्युत अभियंता, सध्या नोकरी नाही' असं लिहिलं. महेंद्रदादाला ते पटलं नाही. "समाजसेवा लिव ना. रिकाम्या मानसाले कोन मत देते?" लिहिलं होतं ते खरं होतं, म्हणून तसंच ठेवलं. जबलपूरची नोकरी मी ऑगस्टात सोडली.

महेंद्रदादा माझा मावसभाऊ. तेरा वर्षं त्यानं प्रेमलाल भैयांसाठी काम केलं. भैया दोनदा आमदार झाले आणि आताही उभे आहेत. मागच्या वर्षी भांडून बाहेर पडलो, असं दादा सांगतो. जीप त्याची, ओळखी त्याच्या. माझ्याकडे स्कूटर आणि यादी आहे.

यादी उन्हाळ्यात केली. संध्याकाळच्या वेळी गावोगाव जाऊन ट्रान्सफॉर्मरवर किती भार येतो ते मोजलं. इथे ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपी म्हणतात. माझ्या पत्रकात तीन कामं आहेत. पहिलं, जास्त भाराचे डीपी बदलणं; ज्याच्यावर भार आणि घरं जास्त त्याचा आधी, मागणाऱ्याच्या ओळखीनं नाही. दुसरं, आरोग्य उपकेंद्रात रोज नर्स. तिसरं, किरनापुरच्या कॉलेजपर्यंत सकाळची बस.

यादीत पहिलं माटेगाव आहे. माझा स्वतःचा बोरीटोला चौथा. आमचा डीपी जूनमध्ये जळाला. तेव्हापासून मोठ्या बस्तीतून ओढलेल्या तारेवर दिवे मिणमिणतात. पंखा फिरत नाही, बाबांची आटाचक्की बंद आहे. पण आम्ही मोजकी घरं. माटेगावात अख्खं गाव एका छोट्या डीपीवर आहे आणि नळाची मोटरही त्यावरच.

बाबा बंद चक्कीच्या ओट्यावर बसून पत्रक वाचत होते. म्हणाले, "घरच्यायले चौथा नंबर?"

मी म्हणाले, "मोजमाप तसं आहे."

"हौ. मोजमापच करत राह्य." पत्रक मात्र त्यांनी घडी करून खिशात ठेवलं.


२८ ऑक्टोबर, शनिवार

बोरीटोल्याच्या विहारात पहिली सभा. सभा म्हणजे सतरंजी, टिनाचं छप्पर आणि ओळखीची माणसं. मी माटेगावपासून सुरुवात केली तेव्हा लोक आपसात बोलायला लागले. दादा उठला आणि म्हणाला, "बोरीटोल्याचा डीपी पंधरा दिवसांत लागलाच पाह्यजे. नाई लागला तर ही आपली अपेक्षा वीज ऑफिसपुढं बसन." टाळ्या त्याला मिळाल्या.

नंतर मी विचारलं, हे तू मला न विचारता का बोललास. तो हसला. "तू नंबर सांग, मी आवाज देतो. आन पुढं कोन्या गावात काय मांगनार हाय, ते मले आदल्या दिवशीच सांगत जाय. परवानगीचं पाहा लागते."

ते बरोबर आहे. सभेला परवानगी लागते.


३१ ऑक्टोबर, मंगळवार

अर्जांची छाननी. प्रस्तावकांपैकी बोरीटोल्याच्या फकिरा काकांनी जुनं मतदार ओळखपत्र दिलं होतं, त्यामुळे त्यांचा मतदार यादीतला भाग क्रमांक चुकला. चूक माझी, मी तपासायला हवं होतं. प्रेमलाल भैयांचे वकील समोरच बसले होते. इतर दोन अपक्षांच्या कागदांवर त्यांनी खूप वेळ वाद घातला होता आणि त्यातला एक अर्ज बाद करवला होता.

माझ्या वेळी ते उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हमें कोई आपत्ति नहीं. लिपिकीय त्रुटि है."

अर्ज मंजूर. कायदा नीट जाणणारा माणूस असावा. बाहेर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "बिटिया, पढ़े-लिखे लोग राजनीति में आने चाहिए." चहा मी घेतला नाही, पण आभार मानले.

घरी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "त्या दुसऱ्याचा अर्ज काहून पाडला मंग?"




२ नोव्हेंबर, गुरुवार

माघारीची मुदत संपली. चिन्ह मिळालं: स्विचबोर्ड. मागितलं तेच मिळालं.

दुपारी जीप बोरीटोल्याच्या वळणावर आली तेव्हा रस्त्यात गर्दी होती. वीज कंपनीचा ट्रक उभा होता आणि साखळीला लटकलेला डीपी खांबांवर चढत होता. लोक ओरडत होते. फकिरा काकांनी माझ्या गळ्यात हार घातला. "इधायक व्हयाच्या आधीच काम केलं पोरीनं."

मी जवळ जाऊन पाहिलं. त्रेसष्ट केव्हीएचा आहे, जळालेल्याच्या दुपटीहून मोठा. रंग ताजा, हाताला लागत होता. पण वरच्या चिनी मातीच्या बरण्या जुन्या, आणि एका बाजूचे पंखांसारखे पत्रे आत दबलेले. माहितीच्या पट्टीवरही रंग फासलेला. दुरुस्त होऊन भांडारातून आला असेल, असं वाटलं. आचारसंहितेत नवीन काम करता येत नाही, पण जळालेला बदलता येतो. नियमात बसतं.

संध्याकाळी बाबांनी चक्की सुरू केली. पट्टा नीट बसतो का पाहायला म्हणून आधी रिकामी फिरवली, मग उगाच थोडे तांदूळ टाकले. चंपाबाईंनी त्यांच्या दुकानातला फ्रिज पुसला आणि पोरांना पाण्याच्या बाटल्या भरून आणायला लावलं. सगळे माझं नाव घेत होते.

आई दारातच उभी होती. म्हणाली, "एवढ्या लवकर कोनी आपलं आयकलं व्हतं का कधी?"

मी म्हटलं, "आतापर्यंत कोणी आकडे घेऊन मागितलं नव्हतं."




४ नोव्हेंबर, शनिवार

सिद्धार्थनगरात सभा. अंगण भरलं होतं. बोरीटोल्याची बातमी आमच्या आधी पोचते.

दादा गावं निवडतो. आतापर्यंतच्या सगळ्या सभा आपल्याच बौद्ध वस्त्यांमध्ये झाल्या. मी माटेगावचं विचारलं तर म्हणाला, "तिथं आपले दोन घरं. डिझेल जाळाले जायचं का?" मी म्हटलं, यादीत पहिलं गाव तेच आहे. "यादी तुही हाय. मतं कुठं हाय ते मले मालूम."

हिशेबानं तो चुकत नाही. आपल्या वस्त्यांची मतं दरवेळी भैयांच्या विरोधी पक्षाला जातात. तीच मला मिळवायची आहेत, असं तो म्हणतो. मग मी कोणाविरुद्ध उभी आहे, हा प्रश्न मनात आला. तो इथे लिहून ठेवते.

आज भाषणात मी मुद्दाम दोन गोष्टी मागितल्या. सिद्धार्थनगरची जळालेली केबल आणि माटेगावचा शंभरचा डीपी. दोन्हींची आकडेवारी सारख्याच तपशिलात दिली. दादाला आदल्या दिवशी दोन्ही सांगितल्या होत्या. दबावामुळे काम होत असेल तर दोन्हीकडे काही तरी हालचाल दिसली पाहिजे.


६ नोव्हेंबर, सोमवार

सिद्धार्थनगरची केबल बदलली.


८ नोव्हेंबर, बुधवार

एकटी माटेगावला गेले. दादाला किरनापुरला पत्रकं आणायची आहेत असं सांगितलं. मी त्याच्याशी खोटं बोलायची ही पहिली वेळ.

गावाच्या तोंडाशी दोन खांब, मधे लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्यांवर काही नाही. वरून तीन तारा कापून वाकवलेल्या. मी स्कूटर बंद केली. खाली एक बाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन थांबली होती. पुष्पलताबाई मेंढे. नळयोजनेची मोटर त्याच चालवतात, म्हणजे चालवत होत्या.

"तुम्हीच का त्या स्विचबोर्डवाल्या?"

मी हो म्हटलं.

"बोर्ड हाय तर मंग. आमच्या इथं बोर्ड हाय, बल्ब हाय, मोटर हाय. लाईट तेवढी तुमच्याकडं हाय म्हनते."

मी विचारलं, डीपी कुठे गेला.

"गुरुवारी सकाळीच नेला. म्हने, शंभरचा आनतो. हा लहान पडते. आम्ही म्हटलं, लई चांगलं झालं. पोरायनं उतरवाले हात लावला त्यायले." त्यांनी गुंड खाली ठेवला. "चहा बी पाजला."

घरांच्या मागे खळ्यात धानाचे भारे रचलेले होते. मळणीयंत्र कोरडं उभं. पाणी नाल्यावरून आणतात. मी विचारलं, तुमच्या डीपीची काही खूण सांगता येईल का.

"खून कायची? शिमग्याच्या वख्ती राजूनं ट्रॉली मागं घेतली तं एका बाजूनं चेंदला. कंपनीचे लोक चिल्लावले लई." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "काहून? दिसला का कुठं?"

मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी गुंड उचलला आणि चालायला लागल्या. थोडं पुढे जाऊन न वळता म्हणाल्या, "भाषनात पह्यलं नाव आमचंच घेता म्हनते तुम्ही. घेत नोका जाऊ. नाव घेतलं का गाडी येते."

परत येताना बोरीटोल्याच्या खांबाखाली थांबले. दबलेली बाजू पाहिली. नखानं रंग खरवडला. खाली जुना रंग आहे. डीपी गुणगुणत होता.


९ नोव्हेंबर, गुरुवार

दादाला जीपमध्येच विचारलं. त्यानं जीप बाजूला घेतली. नाकारलं नाही, मला वाटलं होतं नाकारेल.

"मी काय खिशात घातलं का? आपल्या टोल्यात जूनपासून अंधार व्हता. लाईट आली ना?"

"माटेगावची काढून."

"त्यायनं कधी आपली काढली तर कोन विचाराले आलतं?"

मी विचारलं, भैयांना यातून काय मिळतं.

"तू चार हजार मतं खाशीन. तेवढ्यानं त्याचं काम होते. तो आपलं काम करते. लेनदेन हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अपेक्षा, तेरा वर्षं म्या त्याच्या सतरंज्या उचलल्या. एक हँडपंप नाई मिळाला आपल्या बस्तीले. तुह्या नावावर आठ दिवसांत डीपी आला. मले सांग, कोन हुशार?"

त्यानं माझ्याशी कपट केलं हे खरं आहे. आमच्या बस्तीसाठी त्याला वाईट वाटतं हेही खरं आहे. दोन्ही एकाच वाक्यात बसवता येत नाहीत.

"बसून जाते मग," मी म्हणाले.

"बस. म्हनतीन, किती घेऊन बसली. उभी राह्यली तरी म्हनतीन, किती घेऊन उभी राह्यली. आता मशीनवर नाव आलं, बाई."

माघार घेता येत नाही. छाननीच्या दिवशी वकील का उठून बोलले, ते आता नीट समजतं. आईला त्याच दिवशी समजलं होतं.


१० नोव्हेंबर, शुक्रवार

पर्याय मांडून पाहिले.

काहीच केलं नाही तर बोरीटोल्यात उजेड राहतो, माटेगाव कोरडं राहतं, मला चार हजार मतं मिळतात आणि प्रेमलाल भैया निवडून येतात. निवडणूक निरीक्षकांकडे तक्रार केली तर डीपी उतरवला जाईल. चक्की बंद, चंपाबाईंचा फ्रिज बंद, आणि ज्या दहा जणांनी माझ्या अर्जावर सह्या केल्या त्यांच्या घरात अंधार. माझ्या सहीनं.

माटेगाव ते बोरीटोला अंतर इतकं आहे की एका डीपीवरून दोन्हीकडे दाब पोचत नाही. हेही मोजलं. पोचत असता तर बरं झालं असतं.

लोकांना आधी सांगायचं, मग तक्रार द्यायची, असं ठरवलं.


११ नोव्हेंबर, शनिवार

विहारात सगळ्यांना बोलावलं. माईक नको म्हटलं. डीपी कुठून आला आणि का आला, ते जसं कळलं तसं सांगितलं. दादाचं नाव घेतलं नाही. तो मागे खांबाला टेकून उभा होता आणि सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

चंपाबाई धानकापणीहून थेट आल्या होत्या, पदराला कोंडा लागलेला. "म्हंजे आमचा उजेड काढून त्यायले देशीन?"

"तो त्यांचाच आहे."

"आन तू कोनाची?"

मी यादीबद्दल बोलायला लागले. त्यांनी मधेच थांबवलं. "यादीनं फ्रिज चालत नाई, बाई."

काही जण हसले.

फकिरा काकांनी शांतपणे विचारलं, "तू तक्रार नाई देल्ली तर?"

"तर हा इथेच राहील."

"आन तू निवडून आली तर माटेगावले नवा देशीन का नाई?"

"देईन."

"मंग तसंच कर ना. दोघायचंही होते."

आज विचारलेल्या प्रश्नांत हा सर्वांत सरळ होता. मी म्हणाले, "काका, मी निवडून येणार नाही. मला त्यासाठी उभं केलेलं नाही."

माझ्या तोंडून हे पहिल्यांदा मोठ्यानं निघालं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. एकेक जण उठला, चपला शोधून बाहेर गेला. फकिरा काकांनी जाताना सतरंजीची एक बाजू उचलून मला दिली, घडी घालायला. एवढंच.

बाबा सभेला आले नव्हते. घरी पोचले तेव्हा ते चक्कीचा पट्टा काढून ठेवत होते. मी तक्रार अजून लिहिलीही नव्हती.

दुपारी बालाघाटला जाऊन विश्रामगृहावर निरीक्षकांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली. "आप स्वयं प्रत्याशी हैं? और आपके ही गाँव का मामला है?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पोच दिली.


१३ नोव्हेंबर, सोमवार

डीपी उतरवला.

आमच्याकडे दिवाळीची पूजा नसते. पण मोठ्या बस्तीत माळा लागलेल्या आणि आपल्याकडे अंधार, हे पोरांना समजावणं कठीण असतं. या वेळी तात्पुरती तारही जोडून दिली नाही. मिणमिणते दिवेही गेले.

ट्रक माटेगावकडे वळेल असं मी धरून चालले होते. तो वीज कंपनीच्या कार्यालयाच्या आवारात गेला. चौकशी पूर्ण होईपर्यंत जप्त. वर लाखेचं सील. तक्रारीत मी 'काढून घ्यावा' असं लिहिलं होतं. 'मूळ जागी लावावा' असं लिहिलं नव्हतं. ते ओघानं होईल असं गृहीत धरलं. गृहीत धरायचं नसतं, हे मी इतरांना शिकवत असे.

आता दोन्हीकडे अंधार आहे.


१४ नोव्हेंबर, मंगळवार

दादा जीप घेऊन गेला. जाताना पत्रकांचे गठ्ठे ओट्यावर नीट रचून ठेवले. "तुले राजकारन नाई जमनार," एवढंच म्हणाला. रागानं नाही.

घराबाहेरचं माझं पोस्टर फाडलं आहे. बाहेरच्या माणसांनी नाही. बाहेरचं कोणी इथे येत नाही. आईनं उरलेला तुकडा काढून चुलीत टाकला.

माटेगावला जाऊन पुष्पलताबाईंना सगळं सांगितलं, सील आणि माझी चूक दोन्ही. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हंजे आता तुमच्याकडं बी नाई, आमच्याकडं बी नाई?"

"हो."

"बरोबरीत आलो तर." पाटावर बसायला सांगितलं. पाणी दिलं. नाल्याचं होतं, उकळलेलं.

मतदानाआधी दोन दिवस उरले. यादीतली उरलेली गावं स्कूटरवर करणार. एकटीनं.


१७ नोव्हेंबर, शुक्रवार

मतदान. जंगलाच्या भागामुळे आमच्याकडे दुपारी तीनलाच संपतं.

बोरीटोल्याच्या केंद्रावर माझा प्रतिनिधी म्हणून बाबा बसले. दुसरं कोणी तयार झालं नाही. सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा मागितला. इस्त्री चालत नाही, तर आईनं तांब्यात निखारे घालून फिरवला. रांगेतल्या बायका माझ्याकडे पाहत नव्हत्या. चंपाबाई बोटावरची शाई फुंकत बाहेर आल्या आणि मला ओलांडून गेल्या.

दुपारी बाबांना विचारलं, काही अंदाज? म्हणाले, "खुर्ची लई कडक व्हती."


३ डिसेंबर, रविवार

प्रेमलाल भैया निवडून आले. मला मिळालेली सगळी मतं दुसऱ्या उमेदवाराला दिली असती तरी ते निवडून आलेच असते. वजाबाकी दोनदा करून पाहिली. म्हणजे मी मतं खाल्ली असती किंवा नसती, निकाल हाच होता. ज्यासाठी डीपी हलला त्याची गरजच नव्हती.

अनामत जप्त. बोरीटोला: अकरा मतं. माटेगाव: नऊ. माटेगावात आपली दोन घरं आहेत, आणि त्या दोन घरांत मिळून चारच मतदार आहेत. उरलेली पाच कोणाची ते कळत नाही.


८ डिसेंबर, शुक्रवार

कार्यालयातून फोन आला. चौकशी संपली. 'तांत्रिक आवश्यकतेनुसार तात्पुरते स्थानांतर', कोणाचाही दोष नाही. डीपी सोडायचा आहे, तक्रारदारानं यावं.

मी पोचले तेव्हा आवारात पुष्पलताबाई होत्या, दोन बायकांसह. दुसऱ्या कोपऱ्यात चंपाबाई आणि फकिरा काका. दोन्ही गावांचे अर्ज साहेबांच्या टेबलावर. साहेब मला आत घेऊन गेले आणि दार लोटलं.

"मैडम, विधायक जी का फोन था. बोरीटोला में लगा दो, कह रहे हैं. आपका ही गाँव है. आप बस कुछ मत लिखिए, बाकी मैं देख लूँगा."

खिडकीतून डीपी दिसत होता. सील तुटलेलं. काही न लिहिलं की काम होत होतं. बाबांची चक्की सुरू झाली असती. दहा घरं पुन्हा माझ्याशी बोलली असती. मी गप्प बसले की माझी तक्रारच खोटी ठरते, म्हणून भैयांना ते हवं आहे हे मला दिसत होतं, आणि मलाही हवं होतं, हेही.

मी दार उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मूळ जागी लावा. माटेगावला. लिहून देते."

साहेबांनी चंपाबाईंकडे पाहिलं. "बोरीटोला वालों को मंज़ूर है?"

फकिरा काका काही बोलणार होते. चंपाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि पुष्पलताबाईंकडे वळल्या. या दोघी याआधी कधी भेटल्या नव्हत्या.

"पानी कुठून आनता?"

"नाल्याचं."

"धान?"

"अर्धं खळ्यातच हाय. परवा पानी आलं तं कोंब फुटले त्याले."

चंपाबाई साहेबांकडे वळल्या. म्हणाल्या, "द्या त्यायले." आणि माझ्याकडे पाहून, "तुह्यासाठी नाई. तुह्यावर माहा राग हायच."

मी कागद लिहिला. या वेळी 'मूळ जागी लावावा' असं पहिल्या ओळीत लिहिलं, आणि कुठल्या खांबावर तेही.

ट्रक निघाला. पुष्पलताबाई आणि त्यांच्या बायका डीपीशेजारीच चढून बसल्या. उतरवून दुसरीकडे न्यायचा नाही, म्हणून. आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहिलो. फकिरा काका बिडी शोधत होते.

चंपाबाईंनी विचारलं, "आपला नंबर चौथा म्हनतेस ना?"

"हो."

"दुसरा, तिसरा झाल्याबिगर येत नाई?"

"यादी तशी आहे."

"मंग ते दोन उरकवा लागन आधी. बसून काय करू, फ्रिज पुसू?" त्यांनी पदर खोचला. "दुसरा कोनाचा हाय?"

मी सांगितलं, खैरटोल्याचा. आणि पुढे ती गोष्टही सांगितली जी सांगायला हवी होती: तिथे सगळे हिंदी बोलतात, आपलं एकही घर नाही, आणि मला तिथे शून्य मतं पडली.

"शून्य?"

"शून्य."

"बरं हाय," चंपाबाई म्हणाल्या. "म्हंजे तिथं तुले कोनी वळखत नाई. मी बोलीन. सोमवारी सकाळी निंगू."